ग्रंथपाल आणि वाचकाची अडचण

वाचनालय म्हटलें कीं पुस्तकांचीं कपाटें, वर्तमानपत्रांचें टेबल आणि देवघेवीच्या खिडकीमागें बसलेला एक शांत मनुष्य, एवढें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. त्या मनुष्याचें काम काय असें विचारलें, तर पुस्तक द्यावें, परत घ्यावें, वर्गणी जमा करावी आणि नोंदवही नीट ठेवावी, असें उत्तर बहुधा मिळेल. हें उत्तर चुकीचें नाहीं. परंतु अपुरें आहे. खिडकीपाशीं येणारा प्रत्येक वाचक केवळ पुस्तकासाठीं आलेला नसतो. कोणी घरांतील एकाद्या दुखण्याची माहिती शोधीत येतो; कोणी ज्याविषयीं घरीं बोलतां येत नाहीं त्याविषयीं छापलेलें कांहीं मिळतें कां, हें पाहावयास येतो; आणि कोणी घटकाभर शांतपणें बसावयास मिळावें एवढ्याचसाठीं येतो. अशा वाचकाशीं कसें वागावें हें ग्रंथपालास शिकवावयाचें, कीं तें ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडून द्यावयाचें? नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत तरी हा प्रश्न आतां टाळतां येण्याजोगा राहिलेला नाहीं.

मराठवाड्यांत वाचनालयाला प्रारंभापासूनच पुस्तकांपलीकडचें काम करावें लागलें आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची राजवट संपेपर्यंत हैदराबाद संस्थानांत सभा-संमेलनांवर कडक निर्बंध होते आणि मराठी शिक्षणाची सोयहि तुटपुंजी होती. अशा काळांत वाचनालयें हीं लोकांनीं एकत्र बसण्याचीं आणि बाहेरच्या जगाची वार्ता ऐकण्याचीं ठिकाणें बनलीं. पुढें १९५५ सालीं हैदराबाद राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला, आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीनें ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळूं लागलें. १९८२ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर जिल्हा वेगळा झाला. १९९४ सालीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. शिक्षण वाढलें, वाचक वाढला, आणि वाचनालयांत येणाऱ्या माणसाबरोबर त्याच्या घरचीं दुःखेंहि उंबरठ्यापर्यंत येऊं लागलीं.

हीं दुःखें या भागाच्या इतिहासाशीं निगडित आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी परिसरांत झालेल्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, या जिल्ह्यांतील हजारों माणसें दगावलीं. अगदींच उद्ध्वस्त झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. घरें पुन्हां बांधतां आलीं. पण एका रात्रींत अर्धें कुटुंब गमावलेल्या माणसाच्या मनाचें काय, याचें उत्तर इतकें सोपें नव्हतें. त्यानंतर अवर्षणाचे फेरे आले. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरासाठीं मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचें पाणी आणावें लागलें. पीक बुडणें, कर्ज वाढणें आणि अखेरीस कर्त्या पुरुषाची आत्महत्या, ही मालिका मराठवाड्यांतील अनेक घरांनीं भोगली आहे. दुसरीकडे लातूर व नांदेड हीं शहरें वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश-परीक्षांच्या तयारीसाठीं प्रसिद्धीस आलीं. 'लातूर पॅटर्न' हें नांव महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झालें. परगांवचीं सोळा-सतरा वर्षांचीं मुलें खोली घेऊन राहतात, दिवसा शिकवणी आणि रात्रीं अभ्यासिका असा त्यांचा क्रम असतो, आणि एका परीक्षेच्या निकालावर साऱ्या घराची आशा टांगलेली असते.

अशा माणसांनीं जावें कोठें? नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत आणि मनाच्या दुखण्यावर उपचार मिळूं शकतात. परंतु त्या दारापर्यंत पोहोंचण्याच्या आड लोकलज्जा येते. मनोविकारांच्या दवाखान्याबाहेर आपल्याला कोणी पाहिलें तर उद्यां बहिणीच्या लग्नाची बोलणीं मोडतील, ही भीति अद्यापि खरी आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या स्त्रीकडे तर सारी आळी पाहत असते. वाचनालयाच्या पायरीला असा कोणताच डाग नाहीं. तेथें मनुष्य कां गेला, हें कोणी विचारीत नाहीं. म्हणून ज्याला आपली अडचण अजून स्वतःशींहि नीट मांडतां आलेली नाहीं, असा मनुष्य डॉक्टर, वकील किंवा अधिकारी यांच्याआधीं कित्येकदां वाचनालयाच्या सेवकापुढें उभा असतो. पुढें काय होईल, हें बऱ्याच अंशीं त्या दोन मिनिटांवर अवलंबून राहतें.

त्या दोन मिनिटांचें शिक्षण मात्र ग्रंथपालास फारसें मिळत नाहीं. ग्रंथपालांना शिकविण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं अमेरिकेंतून विल्यम बोर्डन यांस आणवून १९११ सालीं ग्रंथालय-शिक्षणाचा वर्ग काढला. डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं; प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक मिळालें पाहिजे, हें त्यांपैकींच एक. महाराष्ट्रांत ग्रंथालय-प्रमाणपत्राचे वर्ग चालतात. या शिक्षणांत वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथालयाची व्यवस्था आणि संदर्भ-सेवा यांवर भर असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु 'त्याचें पुस्तक' शोधावयाचें तर त्याला नेमकें काय हवें आहे हें कळावें लागतें. आणि दुःखी मनुष्य तें सरळ सांगत नाहीं. म्हणून वर्गीकरणाइतकेच नेमके असे कांहीं धडे या शिक्षणांत यावयास हवेत.

पहिला धडा गुप्ततेचा. लहान गांवांत कोणी कोणतें पुस्तक नेलें हीसुद्धां बातमी होते. देवघेवीची नोंदवही टेबलावर उघडी पडलेली असेल, तर मागें उभा असलेला शेजारी ती सहज वाचतो. 'घटस्फोटाच्या कायद्याचें पुस्तक तुम्हींच मागितलें होतें ना?' असें सेवकानें चार माणसांत मोठ्यानें विचारलें, तर ती स्त्री पुन्हां त्या खिडकीपाशीं येणार नाहीं. पुस्तकाची मुदत संपल्याची आठवण घरीं कळवितांना पुस्तकाचें नांव सांगण्याचें कारण नसतें. एक पुस्तक थकलें आहे, एवढें पुरे. व्यसन, मनोविकार, गर्भधारणा, लैंगिक शिक्षण या विषयांवरचीं पुस्तकें कुलुपांत ठेवणें म्हणजे तीं मागण्याची सक्ती करणें होय. तीं उघड्या कपाटांत, ज्याचीं त्याला घेतां येतील अशीं असावींत. या नियमांना पैसा लागत नाहीं. संवय मात्र मुद्दाम लावावी लागते.

दुसरा धडा प्रश्नामागील प्रश्न ओळखण्याचा. समजा, एक आई मुलाचें अक्षर सुधारण्याचें पुस्तक मागते. सेवकानें तें काढून दिलें, कीं त्याचें काम संपलें असें दिसतें. पण 'मुलाला लिहितांना नेमकें काय अवघड जातें?' एवढा एकच प्रश्न त्यानें हळू आवाजांत विचारला, तर कदाचित् ती सांगेल कीं मुलगा तोंडीं सर्व सांगतो, परंतु अक्षरें उलटीं लिहितो आणि शाळेंत रोज मार खातो. येथें सेवकानें रोगाचें नांव उच्चारावयाचें नाहीं. तो त्याचा अधिकार नव्हे. मात्र अशा मुलांची तपासणी होऊं शकते, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यांतील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि स्वमग्नता यांचाहि समावेश आहे, आणि तपासणीनंतरच्या प्रमाणपत्रावर परीक्षेंत सवलत मिळूं शकते, इतकी माहिती तो देऊं शकतो. मूल आळशी नाहीं हें त्या आईला त्या दिवशीं प्रथमच कळलें, तर एका पुस्तकाहून मोठी वस्तु तिच्या हातीं पडली. त्याचप्रमाणें एकच पुस्तक आठवड्यांत तीनदां नेणारा आणि तें वाचल्याचें विसरणारा वृद्ध वाचक हा थट्टेचा विषय नव्हे. त्याच्याशीं पूर्वीच्याच आदरानें बोलावें, आणि घरचें कोणी बरोबर आलें असतां एकीकडे घेऊन, डॉक्टरांना दाखविणें बरें, असें सुचवावें.

तिसरा धडा सर्वांत कठीण. तो जिवावरच्या धोक्याचा. समजा, अभ्यासिकेंत नियमित बसणारा एक मुलगा परीक्षेला अवकाश असतांनाच अनामत रक्कम परत मागतो, आपल्या वह्या मित्रांना वाटून टाकतो आणि 'आतां यांची गरज नाहीं' असें म्हणतो. अशा वेळीं गप्प बसणें हाच शहाणपणा, असा सर्वसाधारण समज आहे. विचारलें तर नसता विचार डोक्यांत येईल अशी धास्ती वाटते. या विषयाचे जाणकार नेमकें उलट सांगतात. आपुलकीनें आणि स्पष्ट शब्दांत विचारल्यानें आत्महत्येचा विचार मनांत शिरत नाहीं. असलेला विचार बोलून दाखविण्यास वाट मिळते. सेवकानें त्याला एकान्तांत बसवावें, 'जीव नकोसा झाला आहे कां?' असें सरळ विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. 'तुझ्यापेक्षां वाईट स्थितींत मुलें आहेत', 'आईबापांचा विचार कर', हीं वाक्यें बोलणाराला दिलासा देतात, ऐकणाराला नाहीं. धोका दिसला तर त्या मुलाला एकटें सोडूं नये. विश्वासाचा मनुष्य बोलावून त्याच्या हातीं सोंपवावें आणि तेथूनच मदतीच्या क्रमांकावर बोलणें करून द्यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं संकटग्रस्तांच्या मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचें सार तीन क्रियांत आहे: पाहणें, ऐकणें आणि जोडून देणें. यांतील एकहि क्रिया सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरची नाहीं. मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नें आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावाखालीं होता असें गृहीत धरलें आहे. कायद्यानें जी करुणा दाखविली, तिच्याहून कठोर होण्याचें वाचनालयास कारण नाहीं.

चौथा धडा योग्य दार दाखविण्याचा. प्रत्येक वाचनालयानें एका पुठ्ठ्यावर मदतीचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीच्या आंतल्या बाजूस टांगावेत, आणि तेच लहान चिठ्ठ्यांवर छापून वाचनकक्षांत कोणालाहि न विचारतां उचलतां येतील असे ठेवावेत. पुष्कळ आकड्यांची पाठांतरें करण्याची गरज नाहीं. चार क्रमांक पुरेसे आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६. येथें रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठींतूनहि बोलतां येतें. संकटांतील स्त्रियांसाठीं १८१, मुलांसाठीं १०९८ आणि वृद्धांसाठीं १४५६७. घरांतील मारहाणीविरुद्ध २००५ च्या कायद्यानें संरक्षण अधिकाऱ्यांची योजना केली आहे. आणि १९८७ च्या विधि सेवा कायद्यानुसार स्त्रिया व मुलें यांना उत्पन्नाची अट न लागतां जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ही गोष्ट सुशिक्षित घरांतहि पुष्कळांना ठाऊक नसते.

दार दाखवितांना पुस्तकाचें मोल कमी लेखूं नये. डॉ. अनिल अवचट यांनीं व्यसनाधीन तरुणांवर केलेलें लेखन 'गर्द' या नांवानें पुस्तकरूप झालें. त्या लेखनानें व्यथित झालेल्या पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें १९८६ सालीं पुण्यांत डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति केंद्र उभारलें. ज्या घरांत मुलगा व्यसनांत अडकला आहे, त्या घरीं हें पुस्तक गेलें, तर आपण एकटे नाहीं आणि यांतून माणसें बाहेर पडतात, या दोन्ही गोष्टी कोणीहि उपदेश न करतां पोहोंचतात. इंग्लंडांत २०१३ पासून डॉक्टरांनीं पुस्तक सुचवावें आणि तें सार्वजनिक ग्रंथालयांत मिळावें, अशी योजना देशभर राबविली गेली. निवडक पन्नास मराठी पुस्तकांची अशी यादी येथील डॉक्टर आणि ग्रंथपाल एकत्र बसून करूं शकतील.

पांचवा धडा मर्यादेचा, आणि त्यावांचून पहिले चार धोक्याचे ठरतील. ग्रंथपाल हा वैद्य नव्हे, वकील नव्हे आणि पंचहि नव्हे. त्यानें औषध सुचवूं नये, नवराबायकोंत निरोप्या होऊं नये, पैसे उसने देऊं नयेत आणि 'सर्व ठीक होईल' असें वचन देऊं नये. गुप्ततेलाहि दोन ठिकाणीं सीमा आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल, तर मदतीला माणूस बोलवावाच लागतो. आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला कळली, त्यानें ती पोलिसांस कळविली पाहिजे, असें २०१२ च्या कायद्याचें बंधन आहे. मूल कांहीं सांगूं लागलें, तर 'हें कोणालाहि सांगणार नाहीं' अशी शपथ घेण्याऐवजीं, 'तुला मदत करतील अशांनाच सांगेन' असें म्हणावें. खोटें वचन मोडल्यावर त्या मुलाचा मोठ्या माणसांवर पुन्हां विश्वास बसणें कठीण असतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को शहराच्या ग्रंथालयानें २००९ सालीं या कामासाठीं स्वतंत्र समाजसेविकाच नेमली. येथें ड वर्गाचें वाचनालय बहुधा एकाच माणसावर चालतें. तोच दार उघडतो, तोच केर काढतो, तोच पुस्तकें देतो, आणि त्याचें मानधन सांगण्यासारखें नसतें. त्याच्या शिरावर हा आणखी भार कां? याचें उत्तर असें कीं भार त्याच्या शिरावर आधींच आहे. रडणारी स्त्री, हताश मुलगा, गोंधळलेला वृद्ध हे त्याच्या खिडकीपाशीं येतातच. फरक एवढाच, कीं शिक्षण नसल्यामुळें तो एकतर घाबरून तोंड फिरवितो, किंवा सारें दुःख स्वतःच्या घरीं घेऊन जातो. कोठवर जावयाचें, कोठें थांबावयाचें आणि कोणाकडे सोंपवावयाचें, हें ठाऊक झालें म्हणजे भार हलकाच होतो. मात्र मानधनाचा प्रश्न या उत्तरानें सुटत नाहीं, हें ग्रंथालयांच्या चालकांनीं आणि सरकारनेंहि विसरूं नये. आणि अशा प्रसंगानंतर सेवकाला स्वतःलाहि कोणाजवळ तरी, नांवगांव न सांगतां, मन मोकळें करतां आलें पाहिजे.

हें शिक्षण द्यावयास मोठी संस्था काढण्याची गरज नाहीं. दोन दिवसांचा वर्ग पुरेल. पहिल्या दिवशीं वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकारतज्ज्ञ, विधि सेवा प्राधिकरणाचा वकील आणि अनुभवी ग्रंथपाल यांनीं बोलावें. दुसऱ्या दिवशीं भाषणें नसावींत. एकानें वाचक व्हावें, दुसऱ्यानें सेवक, आणि वर सांगितलेले प्रसंग प्रत्यक्ष वठवून पाहावेत. अवघड प्रश्न तोंडानें विचारण्याची संवय ऐकून लागत नाहीं, विचारूनच लागते. त्यानंतर सेवकांनीं आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयाचा तो विभाग एकदां डोळ्यांनीं पाहून यावा, म्हणजे 'अमक्या खोलींत अमक्या वारीं जा' असें त्यांस खात्रीनें सांगतां येईल. जिल्हा ग्रंथालय संघ, विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय यांनीं मनावर घेतलें, तर नांदेड व लातूर येथें याचा आरंभ एका वर्षांत होऊं शकेल.

तोंवर वाचनालयांच्या सभासद कुटुंबांनाहि कांहीं करतां येईल. आपल्या वाचनालयांत नोंदवही झांकलेली असते कां, मदतीचे क्रमांक लावलेले आहेत कां, नाजूक विषयांचीं पुस्तकें उघड्या कपाटांत आहेत कां, हें त्यांनीं पाहावें आणि नसल्यास चालकांना सांगावें. शेजारच्या बाईनें कोणतें पुस्तक नेलें, याची चौकशी करूं नये. आज ती दुसऱ्याची अडचण असते. उद्यां त्याच खिडकीपाशीं आपल्याच घरचें कोणी उभें असूं शकतें, आणि त्या वेळीं पलीकडे बसलेल्या माणसाला हळू आवाजांत बोलतां येत असावें, अशीच प्रत्येकाची इच्छा असेल.